मनालीच्या नदीतला पाहुणा मासा

कुलूहून मनालीकडे निघालं की पतलीकूहलच्या आसपास रस्त्याकडेला पाट्या दिसायला लागतात. ताजा ट्राउट, पहाडी ट्राउट, तंदुरी ट्राउट. टेम्पो ट्रॅव्हलरमधली मंडळी पुण्याची असोत की जळगावची, ‘इथला खास मासा’ म्हणून एकदा तरी खाऊन बघतातच. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मीही तेच केलं. अलिबागकडच्या घरात वाढल्यामुळे नव्या गावी गेलं की तिथली मासळी बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. ताटात आलेल्या माशाचे खवले इतके बारीक होते की हाताला लागेनात. मधला काटा एका ओढीत सगळाच्या सगळा निघाला. चव अगदी सौम्य, समुद्राच्या माशाचा दर्प नावाला नाही. वाढणाऱ्या मुलाला विचारलं, हा मासा इथे कधीपासून आहे? ‘शुरू से,’ तो म्हणाला.

प्रत्यक्षात तसं नाही. ब्राउन ट्राउट हा युरोपातला मासा आणि बियास नदीच्या खोऱ्यात तो १९०९ साली आणला गेला. हॉटेलात आपल्या ताटात येतो तो बहुतेक वेळा रेनबो ट्राउट असतो. त्याचं मूळ गाव उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचं, आणि कुलू खोऱ्यात त्याची शेती नीट रुजली ती १९८० च्या दशकाच्या अखेरीस, नॉर्वेच्या मदतीने. तरीही मनाली, नग्गर, कटराईन या पट्ट्यातल्या जुन्या माणसांकडे मासेमारीचा विषय काढा, ते ट्राउटबद्दलच बोलतील. कुठल्या वळणावर केवढा लागला, कोणत्या नाल्याच्या तोंडाशी संध्याकाळी पाणी कसं उसळायचं, सगळं तोंडपाठ. जेमतेम सव्वाशे वर्षांत एक परका मासा गावाच्या बालपणाचा भाग झाला आहे. हे कसं घडलं ते कळायला थोडा इतिहास, थोडं जीवशास्त्र आणि थोडं नदीचं गणित लागतं. ते जमेल तितकं सोपं करून सांगते.

गाबोळीचा प्रवास

इंग्रज साहेबाला भारतात नदीवर गळ टाकायला महसीर हा इथला दांडगा मासा होता, आणि त्याचं कौतुकही त्याला होतं. पण डोंगरातल्या थंड, खळाळत्या ओढ्यांपाशी आला की त्याला स्कॉटलंडचे ओढे आठवत, आणि त्या ओढ्यांत असायचा ट्राउट. आणायचा कसा, हाच मोठा प्रश्न होता. ट्राउटला थंड आणि प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. १० ते १५ अंश सेल्सिअसला तो खूष, वीसच्या वर गेलं की कासावीस. असा जिवंत मासा पिंपात घालून तांबड्या समुद्रातून आणणं शक्यच नव्हतं.

म्हणून माशाऐवजी त्याची अंडी पाठवायचं ठरलं. इथे निसर्गाची एक सोय माणसाच्या उपयोगी पडली. माशाचं अंडं किती दिवसांत फुटणार हे पाण्याच्या तापमानावर ठरतं. कोकणातल्या माणसाला हे आंब्याच्या अढीवरून लगेच कळेल. उष्मा असला की अढी चार दिवस आधी पिकते, हवा गार असली की रेंगाळते. ट्राउटच्या अंड्याचा हिशोब त्याहून काटेकोर आहे. दररोजचं तापमान एकात एक मिळवत जायचं. ब्राउन ट्राउटच्या बाबतीत ही बेरीज साधारण ४०० ते ४५० झाली की पिल्लू बाहेर येतं. म्हणजे पाणी १० अंशांचं असेल तर चाळीस-पंचेचाळीस दिवस. पाणी ३ अंशांवर धरलं तर साडेचार महिन्यांच्या घरात. थोडक्यात, अंडी बर्फाशेजारी ठेवली की त्यांचं घड्याळ हळू चालतं, आणि तेवढ्या वेळात जहाज पृथ्वीला अर्धा वळसा घालू शकतं.

हे आधी ऑस्ट्रेलियाकडे सिद्ध झालं होतं. जानेवारी १८६४ मध्ये इंग्लंडहून ‘नॉरफोक’ नावाचं जहाज निघालं. लाकडी खोक्यांत ओलं शेवाळ, शेवाळात सामन (सॅल्मन) आणि ट्राउट या माशांची अंडी, आणि खोक्यांवर बर्फाची रास. एप्रिलमध्ये जहाज पोचलं, आणि मे महिन्यात टास्मानियात ट्राउटची पिल्लं बाहेर आली. मला या गोष्टीत शेवाळाचं फार अप्रूप वाटतं. ते ओल धरून ठेवतं, अंड्यांना हवा मिळू देतं आणि हिसके स्वतः सोसतं. द्राक्षं पेटीत भरताना आपल्याकडे खाली-वर कागदाची कात्रणं घालतात, तसंच काहीसं.

भारतात मात्र पहिले प्रयत्न फसले. नीलगिरीच्या डोंगरात ट्राउट आणायची खटपट फ्रान्सिस डे या मत्स्यतज्ज्ञाने १८६० च्या दशकातच केली होती, पण अंडी वाटेतच नासली. काश्मीरमध्ये हा ध्यास घेतला तो श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या फ्रँक मिचेल यांनी. ड्यूक ऑफ बेडफर्ड यांनी १८९९ मध्ये पाठवलेली पहिली दहा हजार अंडी पोचेपर्यंत मेली होती. पुढच्या वर्षी स्कॉटलंडहून दुसरी खेप आली, ती डिसेंबर १९०० मध्ये जिवंत पोचली. तेव्हा श्रीनगरला रेल्वे नव्हती, शेवटचा टप्पा डोंगरातल्या गाडीरस्त्याचा होता. त्यातली काही पिल्लं मिचेल यांनी स्वतःच्या कारखान्याच्या आवारात वाढवली. पुढे श्रीनगरजवळ हारवनला, दाचीगामच्या जंगलातून येणाऱ्या पाण्यावर, मोठं केंद्र उभं राहिलं आणि काश्मीरचा ट्राउट तिथून पसरला.

कुलूची कथा याच धाग्याने पुढे जाते. कुलू तेव्हा पंजाबातल्या कांगडा जिल्ह्याचा एक भाग होता आणि तिथे हॉवेल नावाचे अधिकारी होते. त्यांनी काश्मीरहून अंडी मागवली आणि १९०९ मध्ये कटराईनजवळ माहिली इथे ती उबवली. म्हणजे स्कॉटलंड ते श्रीनगर ते कटराईन. आज बियासमध्ये एखाद्याच्या गळाला जो ब्राउन ट्राउट लागतो, तो या दोन टप्प्यांच्या प्रवासाचा वंशज आहे.

घमेल्यातला संसार

हे सगळं मी कागदावर वाचलं होतं. कळलं मात्र एका हिवाळ्यात, मत्स्यबीज केंद्रावर उभं राहून बघितलं तेव्हा.

सिमेंटच्या लांबट टाक्या, त्यातून सतत धावणारं नाल्याचं पाणी. कानटोपी आणि गमबूट घातलेला एक कर्मचारी पाण्यात उतरला आणि त्याने जाळीतून एक मादी उचलली, दोन-अडीच किलोची तरी असेल. ओल्या फडक्यात तिला धरलं, शेपटी खाली केली, आणि अंगठ्याने पोटावरून अलगद दाब देत आणला. गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, आम्ही घरी कायम बघतो, पण ती पिशवीतली, एकमेकांना चिकटलेली. इथे तसं नव्हतं. नारिंगी दाणे एकेक सुटे, धारेसारखे कोरड्या घमेल्यात पडत होते. आकार भिजवलेल्या साबुदाण्याएवढा, रंग पिकलेल्या पपईचा. मादीच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण दीड-दोन हजार दाणे निघतात.

मग नराचं पोट दाबून दुधासारखे चार थेंब त्यावर सोडले आणि कोंबडीच्या पिसाने हलक्या हाताने सगळं ढवळलं. हात नाही, चमचा नाही, पीसच. तोवर घमेल्यात पाण्याचा थेंब नव्हता आणि त्यामागे कारण आहे. ट्राउटच्या नराचे शुक्राणू पाण्यात पडले की मिनिटभरसुद्धा टिकत नाहीत. नदीत मादी अंडी सोडते त्याच क्षणी नराने शेजारी असावं लागतं, तरीही पुष्कळ अंडी वाया जातात. घमेल्यात आधी कोरडं मिसळून मग पाणी घातलं, की जवळजवळ प्रत्येक अंड्याला संधी मिळते. पाणी घातल्यावर दाणा पाणी पिऊन टणक होतो.

त्यानंतर अंडी ट्रेमध्ये जातात आणि तिथे त्यांना धक्कासुद्धा लागू देत नाहीत. पहिल्या दिवसानंतर, डोळे फुटेपर्यंत, एक हिसका बसला तरी आतला जीव जातो. मेलेलं अंडं पांढरं पडतं आणि त्याला बुरशी लागते, ती शेजारच्या अंड्यांत पसरते. म्हणून एक बाई चिमट्याने पांढरे दाणे एकेक वेचून काढत बसल्या होत्या. तांदूळ निवडावेत तसं. बोटं गारठून लाल झालेली होती. त्यांनी मला एक ट्रे उजेडाकडे धरून दाखवला. प्रत्येक नारिंगी दाण्यात दोन काळे ठिपके, दोन डोळे, आणि ते मधूनच हलत होते. एकदा डोळे दिसले की अंडं कणखर होतं, प्रवास सोसतं. बोटीवरची अंडी आणि हे दाणे यांत मधल्या सगळ्या वर्षांत काही फरक पडलेला नाही, हे त्या क्षणी मला फार जवळून जाणवलं.

अंड्यातून पिल्लू बाहेर येतं तेव्हा पोटाशी बलकाची थैली घेऊनच येतं आणि काही आठवडे त्या शिदोरीवरच जगतं. पुढे मत्स्यजिरे म्हणजे अगदी बारीक पिल्लं, मग बोटाएवढी बोटुकली, हे शब्द आपल्याकडच्या तळ्यातल्या शेतीतून अनेकांना ओळखीचे आहेत. फरक इतकाच की रोहू-कटल्याला कोंडा-पेंड चालते. ट्राउट मांसाहारी आहे, त्याच्या खाद्यात समुद्री माशांची भुकटी लागते. हॉटेलातल्या ट्राउटची किंमत ऐकून लोक दचकतात, त्यामागे हे खाद्य आणि सतत वाहतं थंड पाणी ही दोन कारणं आहेत.

एक नदी, दोन हंगाम

आता त्या गावाच्या वर्षाकडे बघा. हिमाचलमध्ये ट्राउटच्या पाण्यात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर मासेमारी बंद असते. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै होड्या ओढून ठेवतात, त्याचाच हा डोंगरी अवतार. आपल्याकडे पावसात मासा अंडी घालतो, ट्राउट हिवाळ्यात घालतो, म्हणून महिने वेगळे. आपल्याला नारळी पौर्णिमा, तशी तिथल्या गळवाल्यांना १ मार्च.

गंमत बघा, गळ घरात टांगला जातो तेव्हाच वर सोलंगला बर्फ पडतो आणि स्की बाहेर निघतात. मनालीत १९६१ मध्ये पर्वतारोहण संस्था सुरू झाली आणि स्कीइंगचं शिक्षण तिथल्या पोरांच्या हाताशी आलं. आजूबाजूच्या गावांनी हे इतकं आपलंसं केलं, की २०१८ मध्ये तुर्कस्तानात आंतरराष्ट्रीय स्कीइंग स्पर्धेत भारतासाठी पहिलं पदक जिंकणारी आंचल ठाकूर ही मनालीजवळच्या बुरुआ गावचीच. कित्येक घरांत एकच माणूस मार्च ते ऑक्टोबर पाहुण्यांना नदीवर नेतो आणि हिवाळ्यात स्की शिकवतो.

दोन्ही धंद्यांचं भांडवल मात्र एकच: बर्फ. थंडीत साठलेलं बर्फ उन्हाळाभर थोडं थोडं वितळतं, म्हणून मे महिन्यातही नदी गार राहते. गारव्याचा संबंध नुसत्या आवडीशी नाही, तो श्वासाशी आहे. समुद्रसपाटीला ५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे पावणेतेरा मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मुरतो, २५ अंशांच्या पाण्यात जेमतेम सव्वाआठ. उंचीवर हवा विरळ, त्यामुळे तिथे हे आकडे आणखी खाली येतात. म्हणजे पाणी तापलं की माशाची गरज वाढते आणि त्याच वेळी पुरवठा घटतो. बर्फ कमी पडलं तर फेब्रुवारीत सोलंगच्या उतारावर ते सगळ्यांना दिसतं. नदीवरचा परिणाम दिसायला मे-जून उजाडावा लागतो.

जुलै-ऑगस्टमध्ये मात्र नदी राखाडी होते. पावसाचं आणि हिमनद्यांचं पाणी इतका गाळ आणतं की गळ टाकण्यात अर्थ नसतो. मासे बाजूच्या स्वच्छ नाल्यांत सरकतात. म्हणून जाणकार मार्च ते जूनची सुरुवात आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हेच दिवस धरतात.

गळ टाकण्याची रीतही आपल्याहून निराळी आहे. आपण दोरीला शिसं बांधतो, गरीला कोलंबी किंवा गांडूळ लावतो आणि शिशाच्या वजनावर दोरी फेकतो. तिथे गरीवर कोंबड्याच्या पिसाने आणि रेशमाच्या धाग्याने एक किडा बांधलेला असतो, म्हणजे किड्याचं सोंग. त्याला वजनच नसतं, त्यामुळे तो फेकता येत नाही. मग दोरीच जाड आणि वजनदार घेतात. ती हवेत मागे-पुढे झुलवून उलगडत नेली की तिच्या टोकाचा तो हलका किडा पाण्यावर अलगद उतरतो. ट्राउट पाण्यावर उतरणारे किडे टिपतो, त्याला फसवायचं तर नदीत आज कोणता किडा निघालाय ते आधी बघावं लागतं. पाण्यातला एखादा गोटा उलटा करा, त्याच्या पोटाशी बारीक सहा पायांची पिल्लं चिकटलेली दिसतील. नदी जिवंत आहे की नाही, हे मी आता तिथे पोचल्यावर असंच बघते.

आठवण कुठून सुरू होते

कटराईनजवळ एका जुन्या पाहुणाघराच्या भिंतीवर काळापांढरा फोटो आहे. गळाची काठी घेतलेला माणूस आणि पुढ्यात गवतावर ओळीने मांडलेले चार ट्राउट. घरमालक सत्तरीचे. ते प्रत्येक माशाचं वजन सांगत होते, आपल्या मुलांचं जन्मवजन सांगावं तसं. त्यांच्या लहानपणी वडील बंगल्यावरच्या साहेबांना आणि पुढे दिल्लीहून येणाऱ्या अधिकाऱ्यांना नदीवर घेऊन जायचे. शाळा सुटली की पोरं पाठोपाठ. आता त्या वळणावर तितका मोठा मासा वर्षातून एकदाही दिसत नाही, हे सांगताना त्यांचा आवाज उतरला.

अशा आठवणींना विज्ञानातही जागा आहे. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये एक साधी पण फार मोलाची गोष्ट मांडली: प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी पाहिलेली नदी किंवा समुद्र हाच ‘मूळ’ मानते आणि तिथून घट मोजते. आजोबांच्या लेखी जे उरलंसुरलं, ते नातवाच्या लेखी भरपूर. असं करत प्रत्येक पिढीबरोबर मोजपट्टीच खाली सरकते. अलिबागला माझी आजी घोळ माशाच्या आकाराबद्दल बोलायची तेव्हा आम्ही ती गोष्ट म्हणून ऐकायचो. ती साक्ष होती, हे कळायला मला फार वर्षं लागली.

मनालीत ही मोजपट्टी सरळ १९०९ पाशी अडकून बसली आहे, असं मला वाटतं. त्याआधी नदी काय रिकामी होती? बियासच्या वरच्या भागात एक मासा पूर्वीपासून होता, आजही आहे. हिमाचलात त्याला गुगली म्हणतात, कुमाऊंकडे असेला. इंग्रजांनी त्याला हिम-ट्राउट असं नाव दिलं, पण तो ट्राउट नव्हेच, तो रोहू-कटल्याच्या कुळातला. तोंड खालच्या बाजूला, ओठ कडक, दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारा. शाकाहारीच म्हणा. किडा बांधून त्याच्यापुढे कितीही नाचवला तरी तो सहसा गळाला लागत नाही, म्हणून साहेबाच्या वहीत त्याला जागा मिळाली नाही. आणि जे वहीत नाही ते पुढे आठवणीतही उरत नाही.

ब्राउन ट्राउट मोठा झाला की इतर माशांची पिल्लं खातो, त्यात गुगलीची पिल्लंही आली. गुगली कमी होण्याला ट्राउट हे एकच कारण नाही. स्फोटकं आणि विष टाकून मासे मारणं हेही मोठं कारण आहे. त्याला १८९७ च्या मत्स्य कायद्यानेच बंदी घातली, तरी ते चोरून चालत राहिलं. सह्याद्रीतल्या ओढ्यांत गेळफळं ठेचून टाकतात ते आपल्याला माहीत आहे, नदीत टाकली जाणारी ब्लीचिंग पावडर त्याहून कितीतरी वाईट, ती पिल्लांपासून किड्यांपर्यंत सगळं संपवते. धरणं, गाळ, सगळ्याचा वाटा आहे. आज हा मासा जगाच्या संकटग्रस्त यादीत आहे.

ट्राउट आणणाऱ्यांना मी खलनायक ठरवणार नाही, कारण असंच काही आपल्या घरातूनही झालेलं आहे. लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावाकाठी १९७० च्या सुमारास डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी दख्खनी महसीराचं कृत्रिम प्रजनन यशस्वी करून दाखवलं. कमी होत चाललेल्या माशाला जगवण्याचं ते खरोखर मोठं काम होतं आणि मराठी माणसाने त्याचा अभिमान बाळगावा. पण पुढे तिथली बोटुकली कावेरीत सोडली गेली. हेतू चांगला होता, नदीत महसीर वाढावा. ती तिथे इतकी फोफावली की कावेरीचा स्वतःचा, पाठीला उंचवटा असलेला महसीर मागे रेटला गेला. तो आज अतिसंकटग्रस्त आहे. मासा जगवणं आणि नदी जगवणं या दोन गोष्टी नेहमीच एक नसतात, हे त्या काळी फारसं कोणाला उमगलेलं नव्हतं.

नदीचं काय झालं

घरमालकांच्या वळणावरचा मोठा मासा कुठे गेला, याचं उत्तर खालपासून वर जात शोधावं लागतं. मंडीच्या वर पंडोहला १९७७ मध्ये धरण झालं आणि बियासचं बरंचसं पाणी बोगद्यांतून सतलजकडे वळलं. लारजीला बियास, सैंज आणि तीर्थन एकत्र येतात, तिथपर्यंत खालून महसीर चढून यायचा. ती वाट बंद झाली. पुढे लारजीलाही वीजप्रकल्प झाला. डोंगरातले प्रकल्प बहुधा मोठा तलाव करत नाहीत. ते नदीचं पाणी बोगद्यात घालतात आणि काही किलोमीटर खाली पुन्हा सोडतात. मधल्या पट्ट्यात नदीला उरतं ते नियमाने ठरवलेलं किमान पाणी, हिमाचलमध्ये कोरड्या दिवसांतल्या प्रवाहाच्या किमान १५ टक्के. विजेची मागणी संध्याकाळी वाढते, तेव्हा पाणी अचानक सोडलं जातं. सकाळी ओला असलेला गोटा दुपारी कोरडा आणि रात्री तीन फूट पाण्याखाली, अशा जागी कुठला मासा अंडी घालणार? माणसांनाही हे पाणी ओळखता येत नाही. जून २०१४ मध्ये लारजीच्या खाली असंच पाणी सुटलं आणि सहलीला आलेले अभियांत्रिकीचे २४ विद्यार्थी वाहून गेले. बियासच्या पात्रात उतरून फोटो काढणाऱ्या आपल्या मंडळींना मी हे हात जोडून सांगत असते.

दुसरा घाव गाळाचा. ट्राउटची मादी शेपटीने खडीत खळगा करते, त्यात अंडी सोडते आणि वरून खडी लोटते. त्या खडीच्या फटींतून वाहणारं पाणी हाच त्या अंड्यांचा श्वास. रस्ता रुंद करताना निघालेला राडारोडा नदीत लोटला की बारीक माती त्या फटीत बसते. वरून पाणी स्वच्छ दिसत असतं आणि आत अंडी गुदमरत असतात. शिवाय नदीचं पात्र हॉटेलांनी आवळलेलं. जुलै २०२३ मध्ये बियासला पूर आला, तेव्हा मनाली ते कुलू रस्त्याचे लचके तुटले, इमारती गेल्या. नदीने आपली जुनी जागा परत घेतली, असं तिथले लोक म्हणतात. पुरात तळाची खडी उलथीपालथी झाली की त्या वर्षीचे किडे आणि लहान मासे सगळेच जातात.

मग मत्स्यबीज केंद्रातून बोटुकली आणून नदीत सोडतात. त्याने परवाना काढून आलेल्या पाहुण्याला मासा मिळतो, आणि ते केलंच पाहिजे. पण घमेल्यातून नदी तयार होत नाही.

हे मी निराशेने लिहीत नाही, कारण शेजारीच तीर्थनचं खोरं आहे. तिथल्या लोकांनी २००० च्या दशकात ठाम भूमिका घेतली की आमच्या नदीवर वीजप्रकल्प नकोत, कोर्टापर्यंत गेले, आणि नदी मोकळी राहिली. तिचं वरचं खोरं ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात आहे, २०१४ पासून ते जागतिक वारसा आहे. मनालीचे जुने गळवाले आता पाहुण्यांना तिथे घेऊन जातात. मी तिथे गुशैणीजवळ पाण्यातला गोटा उलटला तेव्हा पोटाशी इतके किडे होते की मोजता येईनात.

कटराईनच्या त्या घरातून निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी पुन्हा फोटोपाशी गेले. चार ट्राउट संपतात तिथे, चौकटीच्या अगदी कडेला, गवतात आणखी दोन मासे पडलेले दिसले. लहान, काळसर, ओळीत न मांडलेले. हे कोणते, म्हणून विचारलं. घरमालकांनी चष्मा लावला, जवळ आले. ‘अरे, ये तो गुगली है,’ ते म्हणाले. पन्नास वर्षं हा फोटो इथेच आहे, पण हे कधी बघितलं नव्हतं, असंही म्हणाले. मग त्यांनी खुर्ची ओढली, फोटो खाली काढला आणि धोतराच्या फडक्याने त्या कोपऱ्यावरची काच पुसायला लागले.